वाल, नीरा आणि काळ्या घोड्याची प्रयोगशाळा

१९५५ साली लंडनहून निघणाऱ्या ‘नेचर’ या नियतकालिकात वाल आणि डबल बी यांच्यावरचा एक छोटा शोधनिबंध छापून आला. या दोन्ही कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक विकराचं काम रोखणारी द्रव्यं असतात, आणि ती स्फटिकांच्या रूपात शुद्ध करून वेगळी काढता येतात, असं त्यात दाखवलं होतं. हे काम झालं होतं मुंबईत, काळा घोडा परिसरातल्या विज्ञान संस्थेच्या जीवरसायन विभागात. विभागाच्या प्रमुख होत्या डॉ. कमला सोहोनी.

वाल म्हणजे कोकणपट्टीचं हक्काचं कडधान्य. भाताची कापणी झाली की जमिनीत उरलेल्या ओलीवर तो पेरायचा, थंडीत शेंगा काढायच्या. रायगडात त्याच शेंगांची भांबुर्ड्याच्या पाल्यात, मडक्यात पोपटी लावतात. वाळलेले कडवे वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा, मग नारळ-कोकम घालून शिजवायचे. कुणाच्या घरी त्याला बिरडं म्हणतात, कुणाच्या घरी डाळिंब्या. कितीही भूक लागली तरी कच्चा वाल कुणी खात नाही. तो बाधतो, हे घराघरात ठाऊक होतं. का बाधतो, याचं उत्तर मात्र रसायनशास्त्राकडूनच मिळणार होतं.

आपण खाल्लेल्या प्रथिनांचं पचन जठरात सुरू होतं आणि लहान आतड्यात पुढे जातं. तिथे स्वादुपिंडातून आलेलं ट्रिप्सिन प्रथिनांच्या लांब साखळ्या ठरावीक जागी तोडतं. लायसिन आणि आर्जिनिन ही दोन अमिनो आम्लं जिथे येतात, तिथेच त्याचा घाव पडतो. काही वनस्पतींच्या बियांत अशी छोटी प्रथिनं असतात की ती ट्रिप्सिनच्या नेमक्या कामाच्या जागी जाऊन घट्ट बसतात आणि सुटत नाहीत. ट्रिप्सिन अडकून पडलं की बाकीची प्रथिनं न तुटताच पुढे सरकतात. म्हणजे ताटात प्रथिनं असूनही अंगी लागत नाहीत. कच्च्या सोयाबीनवर वाढवलेल्या प्राण्यांची वाढ खुंटते आणि तेच सोयाबीन शिजवून दिलं तर सुधारते, हे अमेरिकेत ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी १९१७ सालीच दाखवलं होतं. १९४० च्या दशकाच्या मध्यावर कुनिट्झ यांनी सोयाबीनमधला ट्रिप्सिनरोधक स्फटिकरूपात मिळवला. सगळ्या जगाचं लक्ष सोयाबीनकडे होतं, कारण अमेरिकेच्या शेतात आणि पशुखाद्यात तेच होतं. भारतात सोयाबीन तेव्हा कोण खात होतं? इथे वाल होता, पावटा होता, डबल बी होती. म्हणून मुंबईच्या प्रयोगशाळेने इथल्या भाज्या आणि कडधान्यं तपासायला घेतली. भारतीय अन्नपदार्थांतल्या ट्रिप्सिनरोधकांवरचा, भाज्यांविषयीचा निबंध १९५४ साली आला आणि वाल-डबल बीचा त्याच्या पुढच्या वर्षी.

यात नुसती परदेशी पद्धत देशी बियांवर लावणं नव्हतं. विद्यापीठीय संशोधनाचा प्रश्न कुठून घ्यायचा, याविषयी एक ठाम भूमिका त्यामागे होती. सोहोनींच्या विभागात पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जे विषय दिले गेले, ते तीन गटांत मोडतात: कडधान्यांतली प्रथिनं, नीरा आणि धान-आटा म्हणजे भाताचं पीठ. तिन्ही गोष्टी गरीब माणसाच्या पोटात जाणाऱ्या.

ही भूमिका कशी घडली, ते पाहायचं तर वीस वर्षं मागे जावं लागतं.

कमला सोहोनी, म्हणजे माहेरच्या कमला भागवत, यांचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेचे, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे, रसायनशास्त्राचे सुरुवातीच्या काळातले विद्यार्थी. थोरली बहीण दुर्गा, म्हणजेच मराठी वाचकांच्या दुर्गाबाई भागवत. १९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिल्या आल्या. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला भौतिकशास्त्र. पुढचं शिक्षण वडील-काकांच्या संस्थेतच घ्यायचं हे त्यांच्या दृष्टीने ठरलेलंच होतं. त्यांनी अर्ज केला आणि तो नाकारला गेला. संस्थेचे संचालक होते चंद्रशेखर वेंकट रामन, तीन वर्षांपूर्वीच नोबेल मिळालेले. नकाराचं कारण एकच होतं: अर्जदार स्त्री आहे.

पहिली आलेली मुलगी गप्प बसून घरी परतली नाही. ती बंगळूरला जाऊन रामन यांच्यासमोर उभी राहिली. नकाराचं कारण तिने मागितलं, आणि प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रह करण्याची तयारी दाखवली. गांधीजींच्या चळवळीने भारलेले ते दिवस होते, आणि या मुलीने तेच हत्यार प्रयोगशाळेच्या दारात वापरलं. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष परिवीक्षेचं, म्हणजे काम पसंत पडलं तरच ते मान्य. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री-अपरात्रीसुद्धा, काम करायचं. आणि तिच्या असण्याने प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये.

तिसरी अट आज वाचतानाही टोचते. कमलाबाईंना ती जन्मभर टोचत राहिली. उतारवयात मुंबईत भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेने केलेल्या सत्काराच्या वेळी त्या याविषयी मोकळेपणाने बोलल्या. रामन यांची थोरवी त्यांनी नाकारली नाही, पण स्त्री म्हणून झालेला अपमान विसरता आला नाही, हेही लपवलं नाही. थोर माणसाच्या चुकीला चूक म्हणण्यासाठी जी सरळ नजर लागते ती त्यांच्याकडे होती. पुढे रेणूंकडे पाहतानाही ती कामी आली, असं म्हणावंसं वाटतं.

बंगळूरला श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक मिळाले, आणि ते कडक पण मनापासून शिकवणारे होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम केलं. पुढे मुंबईत जे झाड वाढलं त्याचं बी इथे पडलं. १९३६ साली मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. त्यांनी विशेष प्रावीण्यासह मिळवली. वर्षभराच्या कामाने रामन यांचं मत बदललं, आणि त्यानंतर संस्थेचं दार मुलींना उघडलं.

त्यानंतर केंब्रिज. तिथल्या जीवरसायन विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स. १९१२ साली त्यांनी उंदरांवरचे आपले प्रसिद्ध प्रयोग छापले होते: शुद्ध केलेली प्रथिनं, पिष्ट, चरबी आणि क्षार एवढ्यावरच ठेवलेले उंदीर वाढत नाहीत, पण त्याच खाण्याला थोड्याशा दुधाची जोड दिली की वाढू लागतात. जीवनसत्त्वांच्या इतिहासातला हा मोठा टप्पा, आणि १९२९ च्या नोबेलचं कारण. अन्न म्हणजे नुसतं इंधन नाही, त्यातल्या अगदी अल्प घटकांवरही आरोग्य अवलंबून असतं, ही दृष्टी या विभागात मुरलेली होती. कमलाबाई न्यूनहॅम महाविद्यालयात राहिल्या. सुरुवातीला डेरेक रिख्टर यांच्या टेबलावर त्यांना जागा मिळाली. नंतर वनस्पतींच्या ऊतींवर काम करणाऱ्या रॉबिन हिल यांच्याकडे त्या गेल्या. बटाट्यावर काम करताना त्यांना सायटोक्रोम-सी हे पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे सरकवणारं प्रथिन वनस्पतीच्या ऊतींत आढळलं, आणि वनस्पतींच्या पेशीही याच वाटेने श्वसन करतात हे त्यांनी मांडलं. प्रबंध जेमतेम चाळीस टंकलिखित पानांचा होता. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानातली ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

इथे आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. केंब्रिजने स्त्रियांना विद्यापीठाचं पूर्ण सदस्यत्व देणाऱ्या पदव्या द्यायला सुरुवात केली ती १९४८ साली. त्याआधी त्यांना मिळायच्या त्या नाममात्र पदव्या. म्हणजे बंगळूरचा दरवाजा अडवणारं जे होतं, ते केवळ एका माणसाच्या मनात नव्हतं.

परत आल्यावर त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात नव्या जीवरसायन विभागाचं प्रमुखपद घेतलं. मुलींसाठीच काढलेलं हे वैद्यकीय महाविद्यालय. तिथे त्या फार काळ रमल्या नाहीत. त्यांना हवा होता तो आहार आणि रसायन यांचा मेळ, आणि तो त्यांना निलगिरीतल्या कुन्नूरला मिळाला.

कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी उभी केलेली. भारताच्या वेगवेगळ्या प्रांतांतले लोक जे खातात तेच खाणं उंदरांच्या वेगवेगळ्या गटांना घालून त्यांनी तुलना केली होती. गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळ, भाजी असं शीख पद्धतीचं खाणं मिळालेले उंदीर सर्वांत धडधाकट निघाले. सडीक पांढऱ्या तांदळाच्या भातावर भर असलेल्या मद्रासी खाण्यावरचे सर्वांत अशक्त. मराठी माणसाच्या आहारावरचा गटही या तुलनेत होता, आणि तो वरच्या बाजूला आला. मॅककॅरिसन यांच्यानंतर आलेल्या डब्ल्यू. आर. एक्रॉइड यांच्या काळात भारतीय अन्नपदार्थांची पोषणमूल्यं देणारी पुस्तिका १९३७ साली निघाली. ज्वारी, नाचणी, मूग, शेवगा यांच्यात काय आणि किती आहे, हे आकड्यांत सांगणारी ती पुस्तिका पुढे सुधारून वाढवली जात राहिली. कमलाबाई या प्रयोगशाळेत सहायक संचालक झाल्या आणि जीवनसत्त्वांच्या परिणामांवर काम करू लागल्या. काळ दुष्काळाचा होता. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसं उपासमारीने मेली. एक्रॉइड स्वतः दुष्काळ चौकशी आयोगाचे सदस्य होते. पोषणशास्त्र हा तेव्हा जीवन-मरणाचा विषय होता.

१९४७ साली कमलाबाईंचं लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. सरकारने विज्ञान संस्थेत जीवरसायनाचा नवा विभाग काढायचं ठरवलं होतं. त्यांनी अर्ज केला आणि त्यांची निवड झाली.

ही संस्था मूळची रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. पायाभरणी १९११ सालची, म्हणजे कमलाबाईंच्या जन्माच्या वर्षातली. आराखडा जॉर्ज विटेट यांचा, ज्यांनी गेटवे ऑफ इंडियाही उभा केला. पिवळसर खारोडी दगडाची ही वास्तू १९२० साली पुरी झाली. पैसा आला कावसजी जहांगीर, जेकब ससून, करीमभाई इब्राहिम, वसनजी मुळजी अशा मुंबईकर दात्यांकडून. पारशी, यहुदी, मुसलमान, जैन असे सगळे एका विज्ञानमंदिरासाठी पुढे आले, याचं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. होमी भाभा केंब्रिजला जाण्याआधी इथेच शिकले. मुंबई विद्यापीठाच्या पदव्युत्तर विज्ञानाची ही एक मोठी पेठ होती, आणि तिच्यात आता आहाराच्या रसायनशास्त्राला स्वतःचं घर मिळालं.

राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून सोहोनींनी नीरेचं काम हाती घेतलं. नीरा म्हणजे ताड, शिंदी किंवा माडाच्या झाडाचा ताजा, न आंबलेला रस. संध्याकाळी मडकं बांधायचं, पहाटे उतरवायचं. आतून चुना लावलेला असेल तर आंबणं लांबतं. ऊन चढलं की हवेतलं यीस्ट साखरेवर काम करू लागतं, आणि नीरेची ताडी होते. महाराष्ट्रात या दोन पेयांमधली सीमारेषा तेव्हा कायद्याची झाली होती. १९४९ सालच्या मुंबई दारूबंदी कायद्याने ताडी बेकायदा ठरवली. झाडावर चढून पोट भरणाऱ्या हजारो कुटुंबांपुढे, कोकणात विशेषतः भंडारी समाजापुढे, प्रश्न उभा राहिला. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारात ताडगूळ आणि नीरा यांना आधीपासून मानाचं स्थान होतंच. तीच झाडं, तेच चढणारे, पण पेय वेगळं. मात्र नीरा खरंच पौष्टिक आहे की हा नुसता सदिच्छेचा भाग आहे, हे कुणीतरी तपासून सांगायला हवं होतं.

सोहोनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ते अनेक वर्षं तपासलं. नीरेत अ आणि क जीवनसत्त्वं आणि लोह लक्षात येण्याजोग्या प्रमाणात आहे, असं त्यांना आढळलं. नीरा आटवून गूळ आणि काकवी केली तरी त्यातला कस टिकतो, असाही त्यांचा निष्कर्ष होता. मग काम परीक्षानळीच्या बाहेर आलं. आदिवासी समाजातल्या कुपोषित किशोरवयीन मुलांना आणि गरोदर बायकांना नीरा आहारपूरक म्हणून दिली गेली, आणि त्यांच्या प्रकृतीत स्पष्ट सुधारणा दिसली. या कामासाठी सोहोनींना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

नीरेचं हे संशोधन आज वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. रक्त वाढवणारं टॉनिक बाटलीतून आणून वाटणं सोपं होतं. इथे पाहिलं गेलं ते त्या माणसांच्या परिसरात उभ्या असलेल्या झाडाकडे. जे स्वस्त आहे, हाताशी आहे, ज्याची चव लोकांना ठाऊक आहे, त्यातच पोषण शोधायचं. आहारशास्त्र टिकतं ते असंच. गरिबाला न परवडणारा सल्ला कितीही शास्त्रशुद्ध असला तरी तो त्याच्या ताटापर्यंत पोहोचत नाही.

धान-आट्यावरचं काम त्याच धाग्यातलं. आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या गुणवत्तेबाबत सल्ला दिला. शिकवण्याचं काम तर रोजचंच होतं. विभाग नवा, विषय नवा, आणि पुढच्या जीवरसायनशास्त्रज्ञांची पिढी इथेच घडायची होती. अन्न, आरोग्य, रसायन आणि शिक्षण असे चार वेगळे कप्पे इथे नव्हतेच. वालातल्या रोधकाचा स्फटिक मिळवणारा विद्यार्थी एकाच वेळी प्रथिनांचं रसायन शिकत होता आणि कोकणातल्या माणसाला उसळीतून किती पोषण मिळतं या प्रश्नाजवळही जात होता.

संस्थेच्या संचालकपदाचा हक्क त्यांना चार वर्षं उशिराने मिळाला. अंतर्गत राजकारण आड आलं. संचालक झाल्या तेव्हा केंब्रिजचे जुने सहकारी रिख्टर यांनी, एवढ्या मोठ्या विज्ञानसंस्थेची पहिली स्त्री संचालक म्हणून त्यांनी इतिहास घडवल्याचं म्हटलं. हे कौतुक खरं आहे. पण त्या चार वर्षांत विभागाला आणि संस्थेला काय मिळालं असतं, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

निवृत्तीनंतर त्यांची प्रयोगशाळा बाजारात आली. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी ग्राहक मार्गदर्शक संस्था काढली, म्हणजे कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया. देशात ग्राहक संरक्षणाचा कायदा होण्याला तेव्हा अजून वीस वर्षं होती. दुधात पाणी, हळदीत रंग, डाळीत खडे, वजनात खोट: गृहिणी रोज सोसत असलेल्या या फसवणुकीवर बोट ठेवणारं व्यासपीठ हे. सोहोनी या संस्थेत मनापासून काम करत होत्या. १९८२-८३ साली त्या तिच्या अध्यक्ष होत्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लेख लिहिले. मराठी वाचकांसाठी आहारावर ‘आहारगाथा’ हे पुस्तक त्यांचंच. दुर्गाबाईंनीही ‘खमंग’ हे पाककृतींचं पुस्तक लिहिलं. एका बहिणीने स्वयंपाकघराकडे लोकसंस्कृतीच्या अंगाने पाहिलं, दुसरीने रेणूंच्या अंगाने, आणि दोघींनाही ते घर सारखंच मोलाचं वाटलं.

१९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार आयोजित केला. परिषदेच्या पहिल्या स्त्री महासंचालक डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी पुढाकार घेतला होता. त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या, आणि थोड्याच दिवसांत त्यांचं निधन झालं.

मुंबईतल्या त्या स्फटिकांची गोष्ट मात्र पुढे चालूच राहिली. माणसाच्या पचनात अडथळा आणणारी ही प्रथिनं झाड स्वतःसाठी कशाला तयार करतं, हा प्रश्न सोहोनींच्या विभागातही विचारला गेला होता. १९५६ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने वनस्पतींच्या चयापचयातल्या ट्रिप्सिनरोधकांवर निबंध लिहिला. १९७२ साली अमेरिकेत ग्रीन आणि रायन यांनी दाखवलं, की कीड पान कुरतडू लागली की टोमॅटो-बटाट्याची झाडं असे रोधक झपाट्याने बनवतात. म्हणजे हा झाडाचा बचाव होता: किडीच्या पोटातलं ट्रिप्सिन अडवायचं आणि तिची वाढ रोखायची. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पुढे हेच सूत्र धरून काम झालं. हरभरा आणि तूर पोखरणाऱ्या घाटेअळीच्या पाचक विकरांवर कोणते रोधक चालतात, हे तिथल्या संशोधकांनी तपासलं. चौधारीच्या बिया आणि मिरची यांतले रोधक घाटेअळीची वाढ खुंटवतात, असं त्यांना आढळलं. ही अळी मराठवाडा-विदर्भात हरभऱ्याच्या घाट्यांत शिरते तेव्हा शेतकऱ्याला महागडी औषधं फवारावी लागतात, आणि त्या औषधांनाही ती हळूहळू दाद देईनाशी होते. त्यामुळे झाडाच्याच अंगातला बचाव वापरता येईल का, हा शोध आजही चालू आहे.